एकतिसावी ओळ

मी गिरणीच्या दवाखान्यात टायपिस्ट होते. हे सांगितलं की हल्लीची मुलं विचारतात, "म्हणजे तुम्ही नर्स होता?" नाही रे बाबांनो. रक्त बघितलं तरी माझे पाय लटपटतात. दवाखान्याच्या मागच्या खोलीत दोन टेबलं, दोन टाइपरायटर आणि आम्ही दोघी. मी आणि चिमणी. चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तोंडाची टकळी दिवसभर चालायची म्हणून सगळ्या गिरणीनं ते ठेवलं होतं. खिडकीतून माग खात्याची लांबलचक भिंत दिसायची आणि पलीकडून मागांचा खडखडाट यायचा. त्यात आमच्या टाइपरायटरांचा आवाज कुठल्या कुठे बुडून जायचा.

त्या भिंतीपलीकडे माझी ताई काम करायची. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, विणकामात, दुसऱ्या पाळीला. भाऊजी, म्हणजे तिचे मिस्टर, त्याच खात्यात मागांचे फिटर होते. त्यांना तीन वर्षांची एक मुलगी. ती घरभर गरगर फिरायची, म्हणून तिचं नाव भिंगरी.

टायपिंग शिकवताना आमच्या बाई सांगायच्या, "चांगली टायपिस्ट वाचत नाही. डोळ्यांनी उचलायचं, बोटांनी ठेवायचं. मध्ये डोकं घातलंत की चुकलात." मी त्यांची लाडकी विद्यार्थिनी होते. पानंच्या पानं टाइप करायचे आणि त्यात काय होतं हे विचारलं तर सांगता यायचं नाही. म्हणून तर ताडून पाहायची पद्धत होती. एकीनं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं टाइप केलेल्या कागदावर ओळीओळीनं बोट फिरवायचं. ताडल्याशिवाय कागद खोलीबाहेर जायचा नाही. खाली दोघींची सही लागायची.

त्या वर्षी गिरणीत छातीचे फोटो काढणारी गाडी आली. चार दिवस फाटकाशी उभी होती. सगळ्या कामगारांना रांगेत उभं करून एक्स-रे काढले. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली यादी माझ्या टेबलावर ठेवली. ज्यांच्या छातीत डाग दिसला त्यांची. नावं नव्हती. बोभाटा नको म्हणून नुसता बिल्ल्याचा नंबर, खातं आणि पाळी. ती यादी टाइप झाली की त्यावरून कारकून चिठ्ठ्या लिहिणार आणि मुकादम त्या वाटणार. ज्याला चिठ्ठी, त्यानं दवाखान्यात यायचं. क्षयावर औषध निघालेलं होतं. वर्षभर घ्यावं लागायचं, पण माणसं बरी होत होती.

चिमणी त्या दिवशी अक्कलदाढ काढायला गेली होती. निघताना मी तिला म्हटलं होतं, "दाढ दे त्यांना. आहे ती अक्कल तेवढी परत घेऊन ये."

आणि मला साडेपाचला देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गायनाच्या तालमीला जायचं होतं. नव्या गीतात चार ओळी मला एकटीला दिल्या होत्या. त्या चार ओळी दिवसभर डोक्यात फिरत होत्या. यादी टाइप केली. चिमणी नव्हती, म्हणून टाइप केलेला कागद एकटीनंच वरपासून खालपर्यंत वाचला. एकटीनं वाचलेला कागद नेहमीच बरोबर असतो. खाली माझी सही केली आणि चिमणीचीही मीच केली. तिची वेलांटी मला छान जमायची.

चूक कशी झाली ते सांगते, कारण ती आम्हा टायपिस्टांनाच कळेल. ओळ संपली की घंटी वाजते. डोळे क्षणभर यंत्राकडे जातात, मग परत मूळ कागदाकडे येतात आणि शेवटचा टाइप केलेला शब्द शोधतात. त्या यादीत लागोपाठच्या दोन ओळींचा शेवट सारखाच होता. 'विणकाम, दुसरी.' 'विणकाम, दुसरी.' माझे डोळे परत आले ते पहिलीवर येण्याऐवजी दुसरीवर येऊन टेकले आणि तिथून पुढे निघाले. डॉक्टरांच्या यादीत एकतीस नंबर होते. माझ्या यादीत तीस.

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. त्या रविवारी ताई आमच्याकडे आली होती. मुलीला मांडीवर घेऊन आईला सांगत होती, "आमच्या पाळीत पाच जणींना चिठ्ठी आली. मला नाही आली हं. मी ठणठणीत!" आणि खोकली. कापसाच्या तंतूंनी विणकामातले सगळेच खोकायचे. आई म्हणाली, "देवाची कृपा." मी म्हटलं, "तुला काय धाड भरलीय?" अगदी हेच शब्द. ताई हसली.

पुढच्या वर्षी ताई गेली. गेली तेव्हा एवढीशी झाली होती. भाऊजींनी तिला एकट्यानं उचलून पलंगावरून खाली घेतलं, लहान मुलीला घ्यावं तसं.

मातीच्या दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मी सोमवारी त्या डॉक्टरला विचारणार आहे. फोटो काढला होता ना? मग दिसलं कसं नाही?" मला वाटलं, आधी आपणच बघून ठेवावं. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी फाइल काढली. डॉक्टरांच्या हाताची यादी वर होती. तिच्यात चारशे अठरा होता. ताईचा बिल्ला. खाली माझा कागद होता. त्यावर डॉक्टरांनी लाल पेन्सिलीनं, आलेल्या प्रत्येक माणसापुढे खूण केली होती. मी पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकवत गेले. चारशे अठरा नव्हता.

इथपर्यंत चूक होती. चुकीला माणसं माफ करतात. मला भीती नोकरीची नव्हती, आईच्या चेहऱ्याची होती. सोमवारी आई त्या खुर्चीवर बसणार, डॉक्टर फाइल उघडणार, आणि आई मान वळवून माझ्याकडे बघणार. ते मला बघवलं नसतं.

मी यंत्रात कोरा कागद घातला. एकतीस ओळींची यादी टाइप केली, तारीख मागच्या वर्षाची घातली, सह्या केल्या. मग लाल पेन्सिल घेऊन तीस खुणा केल्या आणि चारशे अठराच्या पुढची जागा कोरी ठेवली. जुना कागद आणि त्याची कार्बन प्रत दवाखान्याच्या शेगडीत घातली. कागद चटकन जळाला. कार्बनची प्रत मात्र बराच वेळ वळवळत होती.

सोमवारी डॉक्टरांनी फाइल उघडली आणि चष्मा काढून आईला म्हणाले, "आई, चिठ्ठी गेली होती. तुमची मुलगी आलीच नाही. नवरा-बायको एकाच खात्यात असले की मुकादम कधीकधी नवऱ्याच्या हातात देतो. जावयांना विचारा."

आईनं विचारलं नाही. तिनं तिथेच ठरवून टाकलं. बायको वर्षभर दवाखान्यात गेली तर रांधणार कोण, मुलीला बघणार कोण, म्हणून या माणसानं चिठ्ठी दाबली. संध्याकाळी ती भाऊजींच्या घरी गेली, भिंगरीचे कपडे पिशवीत भरले आणि मुलीला कडेवर घेऊन निघाली. भाऊजी दारात उभे होते. "आई, मला चिठ्ठी दिलीच नव्हती हो कुणी," ते म्हणाले. आई म्हणाली, "माझ्या लेकीला माती दिलीत. आता नातीला हात लावायचा नाही." मी पिशवी धरून मागे उभी होते.

मुकादमाला आठवत नव्हतं. कारकून सोडून गेला होता. थोड्या दिवसांनी भाऊजी मला फाटकाशी भेटले. आवाज अगदी खाली गेला होता. "तुला आठवतं का गं काही? चिठ्ठ्या वाटल्या त्या दिवशी मी दोन मागांच्या मध्ये अडकलो होतो. कुणी हातात दिली असेल तर तशीच खिशात घातली असेन. कोटाचं अस्तर उसवून बघितलं मी. हत्यारांची पेटी उलटी केली. तुमच्याकडे कुठे नोंद असते का, कुणाच्या हातात दिली त्याची?"

"नाही, भाऊजी," मी म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

सहा वर्षं गेली. भिंगरी माझ्या कुशीत वाढली. तिला मी मोठं केलं म्हणायला हरकत नाही. तिचे दात पडले ते माझ्या हातात, पाढे पाठ झाले ते माझ्या मांडीवर. लग्नाची बोलणी यायची, मी नाही म्हणायचे. लोक म्हणायचे, बहिणीच्या लेकीसाठी किती केलं हिनं. ते ऐकलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

देवळात भाऊजी शेवटच्या बाकावर बसायचे. त्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण बसत नसे. मी गायनात असल्यामुळे पुढे, लोकांकडे तोंड करून. म्हणजे दर रविवारी ते थेट माझ्यासमोर. आमचे म्हातारे पाळक एका कानानं बहिरे होते आणि त्यांचा उपदेश फिरून फिरून एकाच ठिकाणी यायचा. आपला दोष एका निर्दोष माणसानं स्वतःवर घेतला, म्हणून आपण मोकळे. लोक समाधानानं माना हलवायचे. मी शेवटच्या बाकाकडे बघायचे. निर्दोष माणूस दुसऱ्याचा दोष घेऊन बसला की कसा दिसतो, ते त्या देवळात फक्त मला माहीत होतं. कोटाचं अस्तर सुटलेलं, खांदे पुढे आलेले, आणि शेवटचं शांतिवचन झालं की सगळ्यांच्या आधी बाहेर पडणारा.

प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेताना, गायनातल्यांना सगळ्यात शेवटी बोलवायचे. तेवढ्यात मी गीतांची पुस्तकं उचलायच्या निमित्तानं मागच्या खोलीत जायचे. सहा वर्षं मी प्याल्याला ओठ लावले नाहीत आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. पुस्तकं मात्र आमच्या देवळाइतकी नीट लावलेली कुठेच नसतील.

मग तो रविवार आला. उपासना सुटली. बाहेर पायऱ्यांशी भाऊजी थांबले होते. त्यांनी कधी थांबू नये असा आईचा दंडक होता, पण आई ताप आल्यामुळे घरी होती. त्यांच्या हातात रंगीत पेन्सिलींची डबी होती. भिंगरी दहा वर्षांची झाली होती त्या आठवड्यात. त्यांनी डबी पुढे केली.

भिंगरीनं हात मागे घेतले. "मला नको. तुम्ही आईची चिठ्ठी लपवलीत."

घरात आई बोलायची, ती ऐकायची. लपून थोडंच राहतं.

मला वाटलं ते आता तरी ओरडतील. एकदा तरी म्हणतील की नाही, नाही, नाही. ते खाली वाकले, तिच्या डोळ्यांच्या पातळीला आले आणि म्हणाले, "लपवली नाही गं बाळा. हरवली. माझ्याच हातून हरवली असणार." त्यांनी डबी पायरीवर ठेवली आणि निघून गेले.

सहा वर्षांत त्यांनी माझं खोटं खरं मानून टाकलं होतं.

सोमवारी मी रजा घेतली आणि सकाळीच पाळकांकडे गेले. तोंडानं बोलता येणार नाही म्हणून सगळं टाइप करून नेलं होतं, दीड पान. ते देवळाच्या मागच्या खोलीत गीतांच्या फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसले होते.

"काय गं हे? टाइप करून आणलंस? आणि कार्बन ठेवलास का?"

"नाही."

"बरं केलंस. असल्या कागदाची दुसरी प्रत कशाला हवी? आता तूच वाच. चष्मा घरी राहिलाय. या कानाकडे ये, तो जरा ऐकतो."

म्हणजे मला मोठ्यानं वाचावं लागलं. बिल्ल्याचा नंबर, शेगडी, लाल पेन्सिल, सगळं जवळजवळ ओरडून. बाहेर झाडणाऱ्या बाईचा खराटा थांबला होता. तिनं किती ऐकलं, देव जाणे.

संपल्यावर त्यांनी हातातलं फाटकं पान चिकटवलं. मग म्हणाले, "सहा वर्षं खटला चालवलास की तू. आरोपी तूच, साक्षीदार तूच, न्यायाधीशही तूच. शिक्षा तूच ठरवलीस, प्रभूच्या मेजावर यायचं नाही. येशूला उभं राहायला कुठे जागाच ठेवली नाहीस."

मला राग आला. "तेच ना, पाळकसाहेब? कुणीतरी माझा दोष उचलला? तो माणूस मी दर रविवारी बघते. शेवटच्या बाकावर बसतो. त्याला बघून मला एक दिवस हलकं वाटलेलं नाही. आता आणखी एकावर टाकू?"

त्यांनी खळीचा ब्रश खाली ठेवला. "त्या बिचाऱ्यावर तू लादलास. त्याला विचारलं नाहीस, सांगितलंही नाहीस. त्याला पेलत नाहीये, मोडून चाललाय तो. येशूनं आपणहून मागून घेतला. त्याच्याखाली मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. तुझा दोष जायला जागा तेवढीच आहे, पोरी. तुझ्या भाऊजींची पाठ ती जागा नाही. तुझीही नाही. दे त्याला."

"आणि दिला की झालं? मी सुटले? भाऊजी तसेच?"

"सुटलीस की आधी त्यांच्याकडे जाशील. इतके दिवस गेली नाहीस, कारण सांगितलं तर आपण संपलो असं तुला वाटत होतं. आता कशी संपशील? येशू धरून आहे ना."

आम्ही दोघं त्या खळीच्या वासात गुडघे टेकून बसलो. मला प्रार्थनेची सगळी चांगली वाक्यं पाठ होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हणाले, "प्रभू, चारशे अठरा." पुन्हा म्हणाले, "चारशे अठरा." तिसऱ्यांदा म्हणताना आवाज फुटला.

उजेड पडला, अंगावरून ओझं उतरलं, असं लोक सांगतात. माझं तसं नाही झालं. मला ताई दिसली. सहा वर्षांत ताईचा चेहरा समोर आला की लगेच त्यावर तो कागद यायचा, आणि मी कागदाकडे बघत बसायचे. त्या सकाळी कागद बाजूला झाला. भिंगरीला मांडीवर घेऊन 'मी ठणठणीत' म्हणणारी माझी बहीण दिसली, आणि ती मेली होती. मी तिच्यासाठी पहिल्यांदाच रडले. पाळक पाण्याचा पेला घेऊन शेजारी बसून राहिले आणि आपल्या बऱ्या कानानं ऐकत राहिले. मला क्षमा झालेली आहे हे मला तिथे कळलं, ते आजवर कधी डळमळलं नाही. ती क्षमा रडण्याच्या वाटेनंच आली.

बुधवारी दुपारी मी भाऊजींना घरी बोलावलं. आई तापातून उठली होती. त्यांना दारात बघून तिनं तोंड फिरवलं. मी म्हणाले, "आई, त्यांना बसू दे. आणि तूही बस." भिंगरी शाळेत होती. मी दोघांच्या मध्ये उभी राहून सांगितलं. या वेळी कागद नव्हता.

 आई माझ्याकडे बघत राहिली. जो चेहरा बघायला लागू नये म्हणून मी सगळं केलं, तोच तो चेहरा. मी बघितला.

भाऊजी म्हणाले, "म्हणजे ती माझ्या खिशात नव्हती?"

"नाही, भाऊजी. चिठ्ठी लिहिलीच गेली नव्हती."

"नव्हतीच?"

"नव्हतीच."

त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले, आत काहीतरी चाचपलं आणि मग तसेच, खिशात हात ठेवून, रडायला लागले. आई उठली. जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. तिला हात जोडायचे होते की त्यांच्या डोक्यावर ठेवायचे होते, तिचं तिलाच कळत नव्हतं. "मुलीला घेऊन जा," ती म्हणाली. "तुमची आहे. मला काही बोलू नका. मला बोलायचं तोंड नाही."

मी म्हणाले, "भाऊजी, मला क्षमा करा."

त्यांनी डोळे पुसले. "आत्ता मला ते विचारू नकोस," ते म्हणाले. एवढंच.

दवाखान्यातही मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी फाइल मागवली, दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, आणि मला कायमचं घरी जायला सांगितलं. चिमणी फाटकापर्यंत आली.  त्या रविवारी मी पुस्तकं उचलायला गेले नाही. प्याला आला तेव्हा पाळकांनी तो खालून धरला आणि मी ओठ लावले.

भिंगरीला मीच सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती दप्तराबद्दल. भाऊजींनी दुसऱ्या गावच्या गिरणीत काम धरलं होतं. इथल्या लोकांच्या नजरांतून उठून जायचं होतं त्यांना, आणि मला कसं म्हणता येणार होतं की नका जाऊ?

निघायच्या आदल्या दुपारी ते तिचं सामान न्यायला आले. पेटी बांधून झाली. भिंगरी मध्येच म्हणाली, "पण माझी वेणी कोण घालणार? बाबांना येत नाही."

 मग भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. बुधवारनंतर पहिल्यांदाच. "दाखव," ते म्हणाले.

मी तिला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं. केस विंचरले, तीन पेड केले. ते शेजारी उभे राहून बघत होते, नवीन यंत्र बघावं तसे. मग त्यांनी पेड हातात घेतले. मागाचा बारीकसा नट क्षणात बसवणारी बोटं ती, पण इथे अडखळत होती. मधला पेड सारखा सुटायचा. मी त्यांच्या बोटांवर बोटं ठेवून तो धरून दिला.

"आजीसारखं घट्ट नको," भिंगरी म्हणाली. "डोकं दुखतं."

"बरं, बाईसाहेब."

ती हसली. वडिलांच्या बोलण्यावर हसताना मी तिला प्रथमच ऐकत होते. वेणी अर्ध्यावर आली. माझ्या बोटांखाली त्यांची बोटं हळूहळू चालायला लागली. डावा वर, उजवा वर. मी मधला पेड अजून धरून होते. तिचे केस ताईसारखे होते, बारीक आणि सरळ, हातातून निसटणारे. ते पुन्हा माझ्या हातात येणार नाहीत, हे मला माहीत होतं. आलेही नाहीत.

"सोड आता," भाऊजी म्हणाले. आवाज कठोर नव्हता. "जमलं मला."

मी सोडलं.